दोन कासऱ्यांचा पतंग

११ जून, बुधवार
बी.पी. १५०/९०. सकाळची गोळी दिली. डाव्या हाताचा व्यायाम – न्हाई.

दवाखान्यातल्या पोरीनं वही दिली, आजोबांचं रोज लिहा म्हणून. चैत्रात ड्रायवरला झटका आला तवापासून लिहून राहिले. (नवऱ्याचं नाव घेत न्हाई मी, ड्रायवरच म्हणते. सगळं औसा तेच म्हणतं. एकतीस वर्षं एस.टी. हाकली.) तिनंच रबरी चेंडू दिला होता दाबायला. दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी पालीला फेकून मारला. पाल वाचली. चेंडू पत्र्यावर हाय.

आज पार्सल आलं. मला वाटलं पोरानं, म्हादूनं, नांदेडहून काय पाठवलं. तर ह्यांनीच मागवलेलं, फोनवर, मला न विचारता. उघडलं तर कापड. लाल-पिवळं, दोन बाजा शेजारी टाकल्या एवढं. शेजारी शेजारी पिशव्या शिवल्यावानी. काडी न्हाई, कामटी न्हाई. दोन लांब दोऱ्या, दोन मुठी.
"हे काय?"
"पतंग."
"कुणासाठी?"
"माझ्यासाठी."
वय त्र्याहत्तर.

१२ जून, गुरुवार
बी.पी. १५२/९०. व्यायाम न्हाई.
दिवसभर घरात येरझाऱ्या. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. जसं औसा–लातूर फेऱ्या. मी बेजार. शेवटी विचारलं, पतंगच कामून? तर फोनवर दाखवलं, कुठल्या तरी समुद्रावरला गोरा माणूस, पतंग त्याला वाळूत ओढून राहिला.
म्हणले, "ह्याला ओढ लागती गिरजे. तवाच्या गाडीचं स्टेरिंग असं ओढायचं हाताला. हात जिता ऱ्हायचा. चेंडूत काय ओढ हाय?"
फोनवर म्हणे हा सगळ्यात स्वस्तातला. ते तर शिवण बघूनच कळलं.

१५ जून, रविवार
म्हादूचा फोन. वैशाखात ह्यांनी झटका आल्यावरही स्कूटर काढली आन बसस्टँडपाशी आडवे झाले, तवापासून चावी नांदेडला त्याच्या कपाटात. आता माणसंच न्यायची म्हणतो. एक खोली रिकामी केली हाय. चौथा मजला. लिफ्ट हाय. औशाचं घर कुलूप लावून बंद.
"आई, अजून एकदा पडले तर कोण उचलणार? तू?"
"आजवर कुणी उचललं?"
"पुढच्या आठवड्यात टेंपो घेऊन येतो."
मी म्हणले, आखाड तोंडावर आलाय. आखाडात घर सोडू नये. श्रावणात बघू.
सून मागून म्हणाली, आईंचं बरोबर आहे. बिचारीला वाटलं मी देवाधर्माचं बोलून राहिले.
म्हणजे अमावस्येपर्यंत मुदत. तवर काय झालं, कुणी पडलं, रडलं, तर त्याच दिवशी उचलणार असं म्हादू बोललाय. ड्रायवरनी ऐकलं. पतंगाच्या दोऱ्या सोडवत बसले, एका हातानं आन दातानं.
मला जायचं का न्हाई, कुणी विचारलं न्हाई. मीबी मला विचारलं न्हाई.

१९ जून, गुरुवार
बी.पी. घेतलं न्हाई, गडबड.
बैलबाजाराच्या मोकळ्या पटांगणात गेलो. बाजार नसला की तिथं कुत्रं न्हाई, कडंला एक चहाचा गाडा तेवढा. पाऊस न्हाई, वारं मात्र लुगडं फेडंल असं.
मी कापड धरून उभी, ड्रायवर पन्नास-साठ पावलांवर मुठी धरून. "सोड!" सोडलं. फर्रर करून फुगला. गादीवानी. वर गेला, गेला, आन डोकं खाली घालून धाडकन मातीत. पुन्हा. पुन्हा मातीत. सात वेळा.
चहाच्या गाड्यावरले लोक उभे राहून बघून राहिले. एक म्हणला, "ड्रायवर साहेब, रिव्हर्स पडलाय का?"
मी हसले. हसायला नको होतं.

२२ जून, रविवार
आज मी हसले न्हाई, बघितलं. ड्रायवर दोन्ही मुठी स्टेरिंगवानी धरतात. डावीकडं वळवायचं तर डावा हात खाली, उजवा वर. गोल. पतंगाला काय कळतंय गोल? त्याला ओढ कळती. डावी दोरी छातीकडं ओढली तर डावीकडं.
हे मला कुणी सांगायचं काम न्हाई. माहेरी निलंग्याकडं आम्ही चार बहिणी, भाऊ न्हाई. अप्पांनी थोरली म्हणून माझ्या हातात कासरा दिला, वय नऊ. चौथीतून काढलं ते त्याच पायी. डावा बैल, उजवा बैल, दोन हातांत दोन दोर. पंधरा वर्षांची होईपर्यंत गाडी मीच हाकली.
हे सांगितलं तर म्हणले, "पॅसेंजरनं ड्रायवरला शिकवू नये."
बरं. शिकवत न्हाई.

२४ जून, मंगळवार
तरी पतंग एकाच अंगाला जायचा. ड्रायवर म्हणले वारंच वाकडं हाय. एकतीस वर्षं हेच, गाडीचं काय झालं की रस्ता वाकडा.
ते झोपल्यावर दुपारी दोन्ही दोऱ्या अंगणात ताणून मोजल्या. डावी वीतभर लांब. स्वस्तातला माल. एक कासरा लांब ठिवला तर बैल सरळ चालंल का? वीतभर दुमडून गाठ मारून बरोबर केली. बोलले न्हाई.

२७ जून, शुक्रवार
बी.पी. १४६/८८.
आखाड लागला काल.
आज पतंग सरळ वर गेला. ड्रायवर म्हणले, "बघ, वारं सुधारलं." दोन मिनिटांत पुन्हा मातीत. हात थरथरायला लागला. म्हणले, "धर जरा. पाणी पितो."
धरला.
काय सांगू. पहिल्या ओढीला अप्पांचा ढवळ्या आठवला, तसाच मान टाकून निघालेला. डावी ओढली, डावीकडं. उजवी ओढली, उजवीकडं. डोक्यावर नेला की निवांत उभा ऱ्हातो, समोर खाली आणला की असा ओढतो की टाच मातीत रोवावी लागती. आठाचा आकडा काढला. दोनदा. चपला कुठं गेल्या कळलं न्हाई.
गाड्यावरले चहा विसरले.
खाली उतरवून मागं बघितलं तर ड्रायवर पाण्याची बाटली धरून उभे. झाकणबी काढलेलं न्हाई.
संध्याकाळी जेवताना भाजी वाढून घेतली न्हाई. कोरडी भाकर खाल्ली. मीबी विचारलं न्हाई. उपाशी तर उठले न्हाईत.

२८ जून, शनिवार
बी.पी. १६०/९४. माझ्यामुळं.
येरझाऱ्या चालू. मी म्हणले चला पटांगणात. "तूच जा. तुला येतं."
माझ्या हातात मात्र खाज. पीठ मळताना बोटं आपोआप दोर धरल्यावानी वळतात. ह्या वयात काय हे.

३० जून, सोमवार
एकटीच गेले. खरं लिहिते, वहीच हाय. ते झोपले होते, म्हणलं दळण घेऊन येते आन पिशवीत पतंग घातला.
वारं लई होतं. कासऱ्याचा वेढा मनगटाला मारायची सवय, हात घामेजला तर निसटू नये म्हणून. तसाच मुठीच्या पुढं दोरीचा वेढा घेतला. पतंग खाली आला, एकदम जोराची ओढ, आन मी तोंडावर. बाजाराच्या खुंट्यांमधून ओढत नेलं. वीस पावलं तरी. तेवढ्यात मागून आवाज, "सोड! सोड गिरजे!" म्हणजे मागोमाग आले होते, काठी टेकत.
सोडलं न्हाई. वेढा होता हे एक. दुसरं, अप्पांनी एकच गोष्ट शिकवली, काय बी होवो, कासरा सोडायचा न्हाई. सोडला तर बैल जातो, गाडी जाती, मागं बसलेलं माणूस जातं.
बाभळीत अडकला म्हणून थांबले. मनगट सोलून निघालं, कोपर, हनुवटी. ड्रायवरनी बाटलीतलं पाणी ओतलं.
म्हणले, "पॅसेंजर पडला की चौकशी लागती. ड्रायवरची."
दोन दिवसांनी पहिलं धड वाक्य.

१ जुलै, मंगळवार
हळद लावली. मनगट सुजून भोपळा. म्हादूचा व्हिडिओ फोन. पदराखाली हात घेऊन बोलले. हनुवटीचं विचारलं तर म्हणले परातीची कड लागली. ड्रायवर शेजारी बसून "हाव, परातच" म्हणले. आमचं लग्न झाल्यापासून एवढं एकमत पहिल्यांदा.
पण श्रेया – म्हादूची पोरगी, कॉलेजात हाय – तिनं मागाहून वेगळा फोन केला. "आजी, परातीनं मनगट कसं सोललं? पदर सरकला होता तुझा."
सांगितलं. पप्पाला सांगशील तर तुझं लग्न मीच मोडीन म्हणले.
आधी हसली, मग म्हणाली पतंगासोबत आलेला कागद पाठव. कागद इंग्रजी, फोटो काढून पाठवला. तिनं वाचून दाखवलं. "पहिलंच लिहिलंय आजी. दोरी हाताला गुंडाळायची नाही. आणि वारा जड झाला की दोन्ही मुठी सोडून द्यायच्या. एक पट्टी मनगटाला राहते, पतंग एकाच दोरीवर लटकतो, त्यातला वारा निघून जातो, पडतो."
ड्रायवर म्हणले, "म्हणजे ब्रेक हाय."
"ब्रेक नाही आजोबा. सोडणं."
ड्रायवरनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. असली गाडी कुणी बनवली?

५ जुलै, शनिवार
पतंग बाभळीनं फाडलेला. पाशाभाई शिंप्याकडं नेला, ड्रायवरची खाकी त्यांनीच शिवली जिंदगीभर. उलगडून बघितला.
"भाभी, ये पतंग है के शादी का मंडप?"
"मंडपच समजा. म्हातारपणी ह्यांनी वाऱ्याशी लगीन लावलं."
"फिर तो सौत आ गई तुम्हारी."
"आली. आन घरात माझ्यापेक्षा जास्त तिचंच ऐकतात."
जुन्या छत्रीचं काळं कापड लावून शिवलं, वरच्या शिवणीबी दुसऱ्यांदा मारल्या. कंपनीपेक्षा मजबूत. लाल-पिवळ्यावर काळं ठिगळ, दृष्ट लागू नये म्हणून लावल्यावानी.

९ जुलै, बुधवार
बी.पी. १४२/८६.
ड्रायवरनी पेटीतून खाकी पँट काढली. "पट्टा लागंल," म्हणले. पायजम्याची नाडी धरून मी कशी उभी ऱ्हाणार? खरंय. मी मागं, त्यांचा पट्टा धरून. माझं वजन पंचावन्न, पण टाच माझी हाय.
आज शिकवलं. मागून त्यांच्या कोपराला धरून. डावं कोपर ओढलं, "हं, डावा बैल." उजवं ओढलं, "उजवा." आधी चिडले. "मी पॅसेंजर न्हाई," मी म्हणले, "मी बैलवाली. चला."
तासाभरानं मी कोपर सोडलं. डावा हात आपोआप मागं आला. तीन महिने चमचा तोंडापर्यंत नेत नव्हता तो हात. पतंग डावीकडं गेला. दवाखान्यातल्या पोरीसाठी लिहिते: डाव्या हाताचा व्यायाम – झाला. भरपूर.
सोडायचं मात्र जमंना. मी म्हणायची, "एक, दोन, तीन, सोडा!" मूठ घट्ट. "अहो सोडा!" "सोडतो की!" सोडत न्हाईत. म्हणले, "घाटात असलो, मागं पन्नास माणसं असली, तर सोडंल का कुणी? तू सोडून दाखव."
मी घेतला. एक, दोन, तीन.
न्हाई सुटला.

१३ जुलै, रविवार
गाड्यावरल्या कुणीतरी व्हिडिओ काढला. ड्रायवर मुठी धरून, मी मागून पट्टा धरून, दोघंबी ओढत चाललेले. खाली लिहिलं – औशाची डबल इंजिन गाडी. ग्रुपातून ग्रुपात फिरत नांदेडला.
म्हादूचा फोन. एवढा ओरडला की ड्रायवरनी कानापासून लांब धरला, मला लांबूनच सगळं ऐकू आलं. "लोक हसून राहिले! डोकं ठिकाणावर आहे का? आई, तू तरी!"
मी म्हणले, "मी तरी काय? पट्टा धरलाय, सोडला न्हाई."
"मी रविवारी येतोय. आखाड-बिखाड मला सांगू नको."
ड्रायवर येरझाऱ्या. मी मागून येरझाऱ्या. मोरीपाशी टक्कर झाली.

१६ जुलै, बुधवार
बी.पी. १५८/९२. पाऊस चार थेंब. पतंग काढला न्हाई, घडी घालून बाजंखाली. कशातच जीव लागंना. डाळ दोनदा निवडली. दुसऱ्यांदा एक खडा निघाला, बरं वाटलं.

२० जुलै, रविवार
लिहायला संध्याकाळ झाली.
म्हादू आला, श्रेया आली. टेंपो न्हाई आणला. आधी बोलायचं म्हणला. चहा घेतला न्हाई. बापासमोर उभा राहून, "कुठंय तो पतंग?"
ड्रायवरनी बाजंखालून काढून दिला.
श्रेया म्हणाली, "पप्पा, एकदा बघा तरी. आजोबांचा डावा हात बघा."
गेलो चौघं. वारं हुंदडत होतं. ड्रायवर मुठी घ्यायला पुढं झाले तर म्हादूनं हात आडवा घातला. "द्या इकडं. बघतोच मी, काय एवढं हाय त्यात."
म्हादू पंचेचाळीसचा, वजन नव्वद. ऑफिसात बसून पोट आलेलं. मी म्हणले पट्टा धरते. "गरज नाही."
पतंग वर गेला. पोरगं पहिल्याच झटक्याला दोन पावलं पुढं. हसला जरा. लहानपणीचा हसला. मग पतंग खाली आला, समोर, आन ओढ लागली.
ड्रायवर ओरडले, "सोड रे! सोड म्हादू!"
मी ओरडले, "सोड!"
सोडंल तर आमचा पोरगा कसला. पोटावर पडला तरी दोन्ही मुठी घट्ट. नव्वद किलो सरपटत बाजाराच्या खुंट्यांमधून, मी गेले त्याच रस्त्यानं. ड्रायवर काठी टाकून पळाले. पळाले, मी बघितलं. जाऊन त्याच्या पाठीवरच बसले आन दोन्ही मुठींची बोटं एकेक करून सोडवली. डाव्या हातानं डावी.
पतंग पडला.
म्हादू मातीनं भरलेला, पँट गुडघ्यावर फाटलेली. श्रेयाचं हसू आवरंना, तिला मी चिमटा काढला.
गाड्यावरनं आवाज आला, "साहेब, हे बी ड्रायवरच का?"
घरी आलो. आता चहा घेतला. दोन कप. मला वाटलं काही चांगलं बोलंल. उठला, पतंगाची घडी घातली, आपल्या गाडीच्या डिकीत टाकली. "हा माझ्याकडं राहील. अमावस्येनंतर टेंपो येईल, पंचवीसला, सकाळी दहाला. सामान बांधून ठेवा."
ड्रायवर म्हणले, "बरं."
नुसतं बरं. त्या माणसानं डेपो मॅनेजरला कधी बरं म्हणलं न्हाई.

२२ जुलै, मंगळवार
बी.पी. – घेऊ दिलं न्हाई.
ट्रंक काढली. आत उंदराची लेंडी आन माझ्या लग्नातलं एक ताट. बांधायला काय न्यायचं? चौथ्या मजल्यावर पाटा-वरवंटा चालतो का? विचारलं तर "तुला पाहिजे ते घे." मला काय पाहिजे ते मला ठावं असतं तर विचारलं असतं का?
येरझाऱ्या बंद. हेच वाईट. खुर्चीत बसून हात मांडीवर, दोन्ही मुठी वळलेल्या, रिकाम्या.

२३ जुलै, बुधवार
श्रेयाचा फोन, हळू आवाजात.
"आजी, पप्पा दोन दिवस ऑफिसातून उशिरा येऊन राहिलेत. काल पँट मातीनं भरलेली. आई म्हणाली कुठं पडलात, तर म्हणाले परातीची कड लागली."
मी म्हणले, "काय?"
"मी सांगितलं होतं त्यांना तुझ्या परातीचं खरं काय ते. नंतर. रागवू नकोस." मग म्हणाली, "डिकी उघडून बघितली मी. पतंग ओला आहे. नदीकडच्या मैदानात जाऊन राहिलेत, एकटेच."
ड्रायवरला सांगितलं. म्हणले, "पट्टा कोण धरतंय त्याचा?"

२४ जुलै, गुरुवार. अमावस्या.
दिवे घासले, मांडले, पुरणाचे दिवे केले. आखाड संपला. माझा बहाणाबी संपला.
दुपारी म्हादूचा फोन. चार महिन्यांत पहिल्यांदा बी.पी. विचारलं न्हाई. इकडचं तिकडचं. मग,
"आई, ती डावी दोरी तू कशी केली होतीस?"
"कशी म्हणजे?"
"गाठ सुटली माझ्या हातून. आता एकाच अंगाला जातो."
"वारं वाकडं असंल," मी म्हणले.
"आई."
"फोनवर सांगता येत न्हाई. ताणून मोजावी लागती. हातात घेऊन."
"मग उद्या येतच आहात ना इकडं. तेव्हा कर."
"तिकडं कुठं ताणू? चौथ्या मजल्याच्या जिन्यात? अंगण लागतं. तू घेऊन ये."
मागं ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.
"बघतो," म्हणला.
काय बघतो? पतंगाचं का टेंपोचं, काय कळू दिलं न्हाई. बापावर गेलाय. ड्रायवर खुर्चीतून म्हणले, "काय म्हणला?" मी म्हणले, "बघतो म्हणला." ड्रायवर उठले. दारापासून मोरीपर्यंत. मोरीपासून दारापर्यंत.

२५ जुलै, शुक्रवार
बी.पी. राहिलं. दोघांचंबी घ्यायला पाहिजे.
साडेनऊ झाले. टेंपोवाल्याचा फोन न्हाई, म्हादूचाबी न्हाई. ड्रायवर खाकी पँट घालून गेटापाशी खुर्ची टाकून बसलेत. पट्टा लावलाय. मी विचारलं, नांदेडला जायला एवढी तयारी? म्हणले, "कुठं बी जायला."
वारं चांगलं हाय. शेजारणीचं लुगडं दोरीवरनं आमच्या अंगणात आलं.
लातूरकडनं गाडीचा आवाज येऊन राहिलाय, म्हादूची लहान का टेंपोची मोठी, कळंना. ट्रंक बांधून दारात ठिवली. दोर घट्ट ओढला, पण गाठ सुटती मारली, एका झटक्यात सोडता येईल अशी. ह्या महिन्यात तेवढंच शिकले.